पाण्याची गाय

प्रवरेकाठच्या एका गावात इंदुबाई खेमनर एकटीच गोठा सांभाळायची. तिचं मनगट मोडलं ते नीट जुळलंच नाही. धार काढता येईना, तेव्हा तिने गाई, कुट्टी मशीन, किटल्या सगळं अंगणात लिलावाला काढलं.

गावच्या डेअरीचे चेअरमन बाजीराव थेटे पुढेच खुर्ची टाकून बसले. दुधाचा दर फॅटवर ठरतो, आणि बारा वर्षं त्यांच्या मशीनवर इंदुबाईच्या दुधाला तीनच्या वर फॅट कधी लागली नव्हती. तिने विचारलं की ते म्हणायचे, "मशीन खोटं बोलतं का? तुझं दूधच पाणी."

आता तांबडी गाय समोर आली, तशी त्यांनी बोली लावली. बाहेरगावचा एक जण पंच्याऐंशी हजारांवर गेला, तर हे नव्वदवर गेले.

इंदुबाई पुढे झाली. "साहेब, बारा वर्षं ज्या गोठ्याचं दूध पाणी म्हणालात, त्यातली गाय नव्वद हजाराला घेताय? पाणीच न्यायचं असंल, तर प्रवरा फुकट वाहतीय की!"

कोणी हसलं नाही. अंगणातल्या जवळजवळ प्रत्येकाचं दूध त्याच मशीनवर जात होतं. थेटे बोली मागे घेऊन निघून गेले, आणि गाय बाहेरगावच्या माणसाला मिळाली.

"पाच हजार घालवलेस, बाई," लिलाव पुकारणारा हळूच म्हणाला.

"गाय तर जायचीच होती," इंदुबाई म्हणाली.

गाईला घेऊन टेम्पो वळणाआड गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. पुढचं सामान केवढ्याला गेलं, हे तिने विचारलंसुद्धा नाही.