हैबतीची गाठ

एका डोंगराला दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. दोन्हींच्या मधे एक कुरण होते. कुरणाला कुंपण नव्हते. दोन्ही वाड्यांत एक जुना डाव चालत आला होता, आणि तो डाव हेच कुरणाचे कुंपण होते.

दरवर्षी श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी देवळापुढच्या खडकावर हा डाव बसे. खडकावर घरे कोरलेली होती. एका वाडीचे खडे काळे, दुसरीचे पांढरे. ज्याचे खडे कोंडले गेले तो हरला. जिंकणाऱ्या वाडीची गुरे दुसऱ्या दिवशी कुरणात शिरत. हरणाऱ्या वाडीने दसऱ्यापर्यंत थांबायचे आणि मागे राहील ते चारायचे.

या डावाची एक गोष्ट जगावेगळी होती. देवळाच्या खांबाला एक दोर टांगलेला असे. त्याला गाठी होत्या. एक गाठ म्हणजे एक नियम. आपली खेळी आली की खेळणाऱ्याने एकतर खडा हलवायचा, नाहीतर दोराला गाठ मारून नवा नियम सांगायचा. गाठ पडली की नियम दोघांनाही लागू. एका डावात एकाने एकच गाठ मारायची, आणि कधी सोडवायची झाली तर ज्याने मारली त्यानेच ती सोडवायची, असा शिरस्ता होता. जुन्या माणसांनी हे विचार करूनच ठेवले होते. नियमाला बदलायची वाट ठेवली नाही, तर एक दिवस माणसे त्याला मोडूनच टाकतात.

सगळ्यात वरची गाठ सगळ्यात जुनी. कधीकाळी ऐन डावात दोन कुत्री भांडत पटावर आली आणि खडे उधळले. कोणाचा खडा कुठे होता, पंचालाही सांगता येईना. काठ्या निघाल्या. डोकी फुटली. त्यानंतर ती गाठ पडली: ज्या प्रश्नाचा निवाडा पंचाला करता येणार नाही, त्यात ज्याची खेळी चालू असेल तो जिंकला. भांडण मिटावे म्हणून ती गाठ होती. पुढे कुणाला तिची गरज पडली नाही.

वरच्या वाडीकडून हैबती खेळे. हात चांगला, डोके त्याहून चांगले. पण खालच्या वाडीचा राणोजी त्याला सलग तीन वर्षे भारी पडला होता. राणोजी फार विचार करत नसे. तो समोरचा चुकण्याची वाट बघत बसे, आणि हैबती उतावळा होता. तीन वर्षे वरच्या वाडीच्या गुरांनी दसऱ्यानंतरचे उरलेसुरले खाल्ले. गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या. पाणवठ्यावर बायका त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हैबतीच्या हाती खडा, अन् वाडीच्या पोटी गोळा."

हैबतीला ते लागे. त्या वर्षी त्याने खड्यांचा सराव सोडून दिला. गुरे राखताना कड्यावर बसून तो फक्त गाठींचा विचार करू लागला.

सोमवार उजाडला. पंच म्हणून आबा गुरव बसले. दोन्ही वाड्या खडकाभोवती जमल्या. दुपार कलली तोवर हैबतीचे सगळे खडे एका कोपऱ्यात गेले होते. आणखी एक खेळी, की संपले.

"हलव, बाबा," राणोजी म्हणाला. "उद्या गुरं घेऊन लवकर निघायचंय मला."

खालची वाडी हसली.

हैबतीने खड्याला हात लावला नाही. तो उठला, खांबापाशी गेला आणि त्याने दोराला गाठ मारली.

"माझा नियम ऐका," तो म्हणाला. "जो गाठ मारील त्याची ती खेळी बाद. बाद खेळीतली गाठही बाद. अन् हा नियम माझ्या या गाठीपासूनच लागू."

आबांनी मान डोलावली. मग ती डोलायची थांबली.

"म्हणजे तुझी खेळी बाद की रे."

"खेळी बाद, तर गाठही बाद. मग गाठच नाही, तर माझी खेळी बाद झाली कशानं, आबा?"

"बरं, मग खेळी खरी."

"खेळी खरी, तर गाठ खरी. अन् गाठ तर म्हणते, खेळी बाद."

आबांनी दोर हातात धरला, सोडला, पुन्हा धरला. लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणे खरी, कुणी म्हणे बाद, आणि म्हणता म्हणता म्हणणाराच अडखळे. शेवटी आबा म्हणाले, "मला याचा निवाडा होत नाही."

"मग वरची गाठ काय सांगते?" हैबतीने विचारले.

आबांनी सगळ्यात वरच्या गाठीवर बोट ठेवले. खेळी हैबतीची चालू होती.

वरच्या वाडीने हैबतीला खांद्यावर घेतले. राणोजीने आपले खडे गोळा करून पिशवीत टाकले. "डाव खड्यांचा होता, हैबती," एवढेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीची गुरे कुरणाच्या तोंडाशी आली. पाहतात तर खालच्या वाडीची गुरे आत चरत होती. राणोजी काठीला टेकून उभा होता.

"हे काय?" हैबती ओरडला. "डाव आम्ही जिंकला!"

"कसा जिंकला?"

"आबांना निवाडा झाला नाही म्हणून."

"मग हाही प्रश्न घाल आबांच्या पुढ्यात. ज्याची खेळी खरी का बाद हेच कळत नाही, त्याचं कुरण झालं का नाही झालं? आबांना नाही सांगता यायचं. अन् निवाडा होत नसेल तर ज्याची खेळी चालू, तो जिंकला." राणोजीने चरणाऱ्या गुरांकडे हात केला. "आमची चालू आहे."

ते शब्द हैबतीचेच होते.

मग वरच्या वाडीनेही गुरे आत सोडली.

भादव्याचे दिवस. जमीन ओली. एका वाडीच्या गुरांना पुरणारे कुरण दोन वाड्यांच्या खुरांखाली आले. गवत खाल्ले गेले त्याच्या दुप्पट तुडवले गेले. हिरव्या जागी चिखल दिसू लागला. कुणी म्हणे, नवी गाठ मारून यातून वाट काढू. पण गाठ मारणाऱ्याच्या आड हैबतीची गाठ येई. ती त्यानेच सोडवायची, आणि त्याचा हात उठेना. सोडवली तर तो जिंकलाच नव्हता, असे झाले असते.

एका सकाळी ओढ्याच्या काठाशी दोन माणसे समोरासमोर उभी राहिली. एक वरचा, एक खालचा. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात कोयता. मधे हातभर गवत शिल्लक होते. लोकांनी धरले म्हणून निभावले. हैबती ते पाहत होता. त्याला जुनी गोष्ट आठवली. तेव्हा पट कुत्र्यांनी उधळला होता. या वेळी कुत्री नव्हती.

तो तसाच देवळाकडे गेला. आबांना बसवले, राणोजीला बोलावले. दोन्ही वाड्या मागोमाग आल्या.

"आबा, मी हरलो," हैबती म्हणाला.

"डाव तर संपला."

"संपला कुठं? माझी खेळी खरी का बाद, तेच ठरलं नाही. मग डाव अजून चालूच आहे. माझे खडे कोपऱ्यात होते. मी हरलो."

हैबतीचा थोरला भाऊ ज्योत्याजी पुढे आला. "अरे, वाडीला खांद्यावर नाचायला लावलंस तूच, अन् आता तोंडघशी पाडतोस तूच? दसऱ्यापर्यंत गुरांना घालायचं काय? तुझी अक्कल?"

"ती घातली होती, दादा. त्यावरच तर ही पाळी आली."

आबांनी विचारले, "हे तू कोणत्या गाठीनं म्हणतोस?"

"हार मानायला गाठ लागत नाही, आबा."

आबांनी दोर हातात घेतला. वरपासून खालपर्यंत एकेक गाठ चाचपली. कुठलीच आड आली नाही.

"लागत नाही," ते म्हणाले. "राणोजी जिंकला."

राणोजी सावकाश उठला. "कुरण आमचं ना?"

"तुमचं," हैबती म्हणाला.

"मग ऐका. आमची गुरं आजच बाहेर. तुमचीही बाहेर. दसऱ्यापर्यंत कुणी आत पाय ठेवायचा नाही. गवताला जरा श्वास घेऊ द्या. पुढं उगवेल ते रीतीप्रमाणं चारू."

खालची वाडी कुरकुरली. पण शब्द जिंकणाऱ्याचा होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कुणाचा तरी शब्द चालला. गुरे बाहेर निघाली.

हैबती गाठ सोडवायला बसला. दोर पावसाने फुगला होता. बोटांनी गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी सोडवली. दोन्ही वाड्या बघत होत्या. कुणी हसले नाही.

त्या वर्षी वरच्या वाडीने झाडांचा पाला तोडून गुरे जगवली. सगळ्यात लांबचा भारा हैबती आणी.

पुढच्या श्रावणात डाव बसला. हैबती खड्यांनी खेळला, आणि खड्यांनीच हरला. वरच्या वाडीची गुरे दसऱ्यापर्यंत बाहेर थांबली. कुरणाला कुंपण नव्हते. तरी एकही जनावर आत गेले नाही.

तात्पर्य: नियमालाच पेचात पकडून डाव जिंकता येतो, पण जिंकलेले राखायला मग नियम उरत नाही. अशा जितीपेक्षा सरळ मानलेली हार घराला जास्त काळ पुरते.