सुभेदाराची मूठ

फार पूर्वी, सकाळचं धुकं आळशी पाहुण्यासारखं उन्हं चढेपर्यंत परसात रेंगाळत बसायचं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाच्या टोकाला एक घर होतं, आणि त्या घरात नुकतीच एक नवी सून आली होती.

सून बोलायची कमी, बघायची जास्त. नव्या घरात तेच बरं असतं.

घरात सासू, सासरे आणि नवरा. परसात शेवग्याखाली कोंबड्यांचं खुराडं. आणि त्या सगळ्यांवर एक कोंबडा. निखाऱ्यासारखा तुरा, हिरवीनिळी झुपकेदार शेपटी आणि चाल अशी, की परस याच्या आजोबांनी वसवलं असावं. घरचे त्याला सुभेदार म्हणत.

परसात जायची त्या घराची एक रीत होती. दाराशी जोंधळ्याचं मडकं ठेवलेलं असे. जाणाऱ्यानं आधी त्यातली मूठ भरून घ्यायची. सुभेदार मान फुगवून धावून आला, की मूठ त्याच्यापुढे उधळायची. तो टिपण्यात गुंतला, की भराभरा अंडी उचलायची आणि मागे न बघता आत यायचं. घरात या दाण्यांना नावही होतं : सुभेदाराची मूठ.

"हे कधीपासून हो, आत्याबाई?" सुनेनं सासूला विचारलं.

"तो एवढासा होता तेव्हापासून," सासू म्हणाली. "याच्या आईला घारीनं नेलं. मीच वाढवला, ओच्यात घेऊन. मग पिसं फुटली, तुरा आला, आणि एक दिवस माझ्याच अंगावर धावला. मी घाबरले, हातातली पाटी सांडली. दाणे दिसले तसा थांबला. म्हटलं, भुकेला असेल बिचारा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी आधीच मूठ घेऊन गेले."

 सुनेनं मडक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग एके सकाळी सासू धुणं वाळत घालायला परसात गेली. दोन्ही हातांत ओले पिळे, मूठ घ्यायची राहिली. सुभेदारानं आपली वसुली चुकलेली पाहिली आणि तो उडालाच. पायाच्या अणकुचीदार नखानं सासूची पोटरी चांगली बोटभर फाडली.

सासरे काठी घेऊन धावले. काठी बघून कोंबड्याला आणखीच चेव आला. शेवटी सासरेच दारात अडखळून आत आले आणि धापा टाकत म्हणाले, "बस्स झालं! पुनवेला पाहुणे येतायत. त्याला चुलीवर चढवतो."

सासूनं पोटरीला हळद दाबून धरली होती. ती डोळे पुसत राहिली. आणि ते पोटरीसाठी नव्हतं, हे सुनेला कळलं.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "पुनवेपर्यंत परस माझ्याकडे द्याल?"

"तू काय करणारेस?"

"अजून ठाऊक नाही. बघते."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं परसात उतरली. धुकं इतकं दाट होतं, की शेवग्याचं खोड तरंगल्यासारखं दिसत होतं. त्या धुक्यातून आधी तुरा आला, मग डोळा, मग अख्खा सुभेदार.

 ती मागे सरली नाही, पुढेही गेली नाही. तो लुगड्यावर आदळला, पुन्हा आदळला. ती उभीच. दाणे नाहीत, काठी नाही, आरडाओरडा नाही. सुभेदार गोंधळून क्षणभर थांबला. तेवढ्यात तिनं वाकून दोन्ही पंखांवरून हात टाकले, त्याला उचललं आणि काखेत धरलं.

आणि ती कामाला लागली. एका काखेत कोंबडा, दुसऱ्या हातात खराटा. पाला झाडला, अंडी वेचली, शेवग्याच्या चार शेंगाही तोडल्या. कोंबड्या टिपायचं सोडून बघत राहिल्या.

"सोड," कोंबडा म्हणाला.

त्या काळी धुक्यात प्राण्यांचं बोलणं ऐकू यायचं. मात्र ऐकणारं माणूस कमी बोलणारं असावं लागे.

"सोडते. आधी पाय ढिले कर."

"अगं, कोंबड्या बघतायत!"

"माझ्याकडेही गावभर बघतात. नव्या नवरीची चाल कशी, पदर कसा. होते सवय."

कोंबडा फुरफुरला. मग थोडा वेळ गेला आणि त्याचं काळीज तिच्या हाताखाली जरा सावकाश धडधडू लागलं.

"तू अंगावर का धावतोस रे?"

"धावलं की दाणे पडतात."

"आणि नाही धावलास तर?"

 धुकं त्याच्या पिसांवर थेंब थेंब होऊन बसलं.

"ते मला कुठं माहीत?" अखेर तो म्हणाला. "तशी वेळच येऊ देत नाही तुम्ही. दार वाजतं, मुठी तयार असतात. मुठी आवळून येणारं माणूस भ्यालेलं असतं, एवढं मला कळतं. भ्यालेलं माणूस कधी काय करेल, सांगता येत नाही. मग मीच आधी धावतो."

त्याचे पाय ढिले पडले, तशी तिनं त्याला अलगद खाली ठेवलं. तो शांत उभा राहिला, तेव्हा कुठे तिनं दाणे आणले आणि सगळ्या परसात विखुरले.

रोज हेच चाललं. धावून आला की काखेत, निवला की खाली. कधी तो विसरायचा, कधी मुद्दाम आठवून धावायचा. "आज स्वारी पालखीतून निघाली वाटतं!" नवरा दारातूनच हसायचा. सून खराटा चालवत राहायची.

पुनवेच्या सकाळी सासरे सुरी पाजळून, काठी घेऊन दाराशी आले. "संध्याकाळी पाहुणे येतील, सूनबाई. बघू दे तुझा सुभेदार."

"बघा ना. पण काठी नको, सुरीही नको."

सासऱ्यांनी दोन्ही उंबऱ्याशी ठेवलं आणि ते परसात उतरले. सुनेनं पाहिलं, त्यांची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. सवयीनं हात मडक्यात गेला होता.

सुभेदारानंही ती मूठ पाहिली. त्याची मान फुगली. तो धावत सुटला.

"मूठ उघडू नका, मामंजी! मागेही सरू नका."

"अगं, डोळा फोडेल तो!"

"नुसते उभे राहा."

दारात सासू पदर तोंडाशी धरून उभी होती. सासऱ्यांनी बोटं उघडली नाहीत. सुभेदार हातभर अंतरावर येऊन थांबला. त्यानं मुठीकडे पाहिलं. मग वर, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मानेवरची पिसं एकेक करून खाली बसली. त्यानं पायानं माती उकरली, जणू तेवढ्याच कामाला आला होता, आणि पाठ फिरवून कोंबड्यांत निघून गेला.

सासऱ्यांनी कपाळ पुसलं.

"आता टाका," सून म्हणाली. "सगळ्यांना."

दाणे पडले. सुभेदारानं एक दाणा चोचीत उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि 'कुक् कुक्' करून कोंबड्यांना बोलावलं. आधी त्यांना खाऊ दिलं. ही हाक त्या घरात कुणी ऐकलीच नव्हती. वसुलीच्या घाईत त्याला कधी सुचलीच नव्हती.

पाहुण्यांना त्या संध्याकाळी अंड्यांचं कालवण आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी मिळाली. त्यांची काही तक्रार नव्हती.

गोष्ट गावभर झाली. शेजारची काकू कुंपणावरून कुजबुजली, "काय गं, हा उपाय नवऱ्याला लागू पडतो का?"

"काकू," सून खाली बघून म्हणाली, "आधी काखेत मावतात का ते बघा."

आणि पोटरी भरून आल्यावर एका सकाळी सासू स्वतः परसात उतरली. दोन्ही हात मोकळे. शेवग्याखाली जाऊन ती निवांत बसली, कितीतरी काळानं. सुभेदार जवळून गेला, थबकला, आणि तिच्या सावलीत माती उकरून पंख पसरून पहुडला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा : भिऊन दिलेला घास दांडगाईच पोसतो; न भिता, न मारता जो ठाम उभा राहतो, त्याच्यापुढेच ती निवते.