अलेजेडली काढा की, सर!

हेडमास्तर घोरपडे सरांच्या खुर्चीवर बोकड बघून अख्खी शाळा हबकली. त्याहून जास्त मी हबकलो, कारण सरांनी प्रार्थनेला मला शाळेतून काढायची नोटीसच वाचली, "चौगुलेने अलेजेडली बोकड आणला, सबब त्याला काढण्यात येत आहे."

मी विचारलं, "सर, अलेजेडली म्हंजे?"

"म्हणजे पुरावा नाही, पण लोक म्हणतात. आणला म्हणे! इंग्रजी कळतं का गाढवा?"

"आत्ता कळलं. मग मला काढा की अलेजेडली!"

"म्हणजे?"

"लोक म्हणतील, चौगुलेला काढला म्हणे. मी आपला वर्गात बसतो."

सरांनी नोटीस पुन्हा वाचली, 'अलेजेडली'वर बोट ठेवलं. शेवटी त्यांनी नोटीस फाडली, अन् मी वर्गात जाऊन बसलो. खराखुरा.