फिर्मिनाची चढण

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पेद्रा मान्सा नावाचं एक गाव आहे. गावातून दफनभूमीकडे जाणाऱ्या दगडी वाटेला सगळे फिर्मिनाची चढण म्हणतात. पाहुणे पायथ्याशी दम खायला टेकले, की म्हाताऱ्या दोना झुल्मिरा कमरेचा चांदीचा झुबका पुढे करून दाखवतात. नजर लागू नये म्हणून आवळलेली मूठ, लेकरांसाठी डाळिंब, बंद दारं उघडावीत म्हणून किल्ली. याचं नाव बालांगान्दां. "मोठ्यानं म्हणून बघा," त्या सांगतात, "नावच वाजतं."

फिर्मिना गुलामगिरीच्या काळातली. बाजारात मालकाची फळं विकायची. स्वतःच्या वाट्याला येई त्यातून, नवस फळला की चांदीचा एखादा डाग घडवून घ्यायची, असं सांगतात. तिला वाढवलं ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या लुझियानं. लुझियाच्या मुलखात मेलेल्याला ढोल वाजवत पोचवायचे, म्हणजे त्याला पूर्वजांची वाट सापडे. पण मळ्यावर ढोलाला बंदी होती. वाजवणाऱ्याची पाठ सोलून निघायची. मरताना लुझिया एवढंच म्हणाली, "पोरी, मला मुक्यानं नेऊ नकोस."

सकाळी पुरुषांनी लुझियाचं प्रेत झोळीत घालून उचललं. फिर्मिना सगळी चांदी कमरेला बांधून पुढे झाली. भीतीनं तिचे पाय लटपटत होते, आणि पहिला आवाज म्हणे त्या लटपटण्यानंच झाला. मग तिनं पाऊल मुद्दाम आपटलं. मागच्या बायकांच्या बांगड्या, पत्र्याचे ताईत, जे काही अंगावर होतं ते त्याच तालात वाजू लागलं.

अर्ध्या चढणीवर मुकादमानं घोडा आडवा घातला. "बंद कर हे!"

"बंदी ढोलाला आहे, मालक. हा दागिना आहे. चढताना कंबर हलणारच."

"मग काढून ठेव."

"एकेक डाग नवसाचा आहे. मी नाही काढणार. तुम्हीच हात घाला."

मुकादमानं चाबूक उगारला. त्याची नजर त्या चांदीच्या मुठीवर गेली आणि हात वरच राहिला. शेवटी त्यानं घोडा बाजूला घेतला. लुझिया वाजतगाजत गेली.

गुलामगिरी संपली, बंदी उठली. सणासुदीला गावात ढोल घुमतात. पण आजही प्रेतयात्रा या चढणीला लागली की ढोलवाले ढोलावर तळवे टेकवून गप्प उभे राहतात आणि बायकांना पुढे जाऊ देतात.