दोन वाड्या, एक रापण

समुद्राकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांच्या शिष्याची मती एका शब्दापायी पार गुंग झाली, त्याची ही गोष्ट.

गावात वरची आणि खालची अशा दोन वाड्या. दोन्हींची मिळून रापण एकच; म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे लांबलचक जाळे. भांडण झाले तेव्हा या शहाण्यांनी काय करावे? जाळेच मधोमध कापून वाटून घेतले! अर्ध्या जाळ्यात मासा कशाला थांबतो? तीन वर्षे दोन्हीकडच्या चुली कशाबशा पेटत होत्या. शिष्य वरच्या वाडीचा, त्याची एकुलती एक बहीण खालच्या वाडीत दिलेली. या तीन वर्षांत ती माहेरी आली नव्हती.

अखेर दोन्ही वाड्या पुन्हा एकत्र यायला राजी झाल्या. कागद करायचे काम शिष्याकडे आले. त्याने ‘समेट’ लिहिले. वरचे म्हणाले, आम्हीच वाकलो असे दिसते. ‘तह’ लिहिले, खालचे म्हणाले, आम्ही काय लढाई हरलो? ‘सलोखा’ मिळमिळीत ठरला, ‘मनोमिलन’ पुढाऱ्यांचे. सात शब्द खोडून झाले. बिचारा रडकुंडीला आला. शब्दावरून पुन्हा फाटले, तर बहीण कायमची तुटणार होती.

गुरुजींनी तो कागद घेतला आणि शांतपणे फाडला. जाळे शिवून घ्या, म्हणाले. एक दोर वरच्यांच्या हाती दिला, दुसरा खालच्यांच्या. शिष्याला वाळूत बसवले आणि एका वाडीचा दुसरीशी जो पहिला बोल होईल, तेवढा लिहून घ्यायला सांगितले. शिष्याला काही उमगेना.

रापण ओढली जाऊ लागली. कोणी कोणाशी बोलेना. पण एक बाजू पुढे गेली की दुसऱ्या बाजूने मासा निसटतो, आणि वरचे मागे पडत चालले होते. शेवटी त्यांचा म्हातारा प्रमुख ओरडला, “जरा दमानं घ्या रे, आम्ही मागं राहिलो.”

खालचे पाय रोवून थांबले.

शिष्याने ते लिहिले खरे, पण गोंधळ वाढलाच. “गुरुजी, यात समेट कुठे आहे?”

“एकाने आपला कमीपणा सांगितला, दुसरा त्याच्यासाठी थांबला,” गुरुजी म्हणाले. “झाले ते एवढेच. आता त्याला हवे ते नाव दे. तुम्ही आधी बारसे करत बसला होतात.”

 तेवढ्यात मासळीच्या वाटण्या झाल्या, आणि शिष्याची बहीण समोर आली. त्याला सात शब्द पाठ होते, पण तिच्यापुढे एकही सुचेना. भरलेली टोपली तिला एकटीला उचलवत नव्हती. त्याने दुसरी कड धरली, टोपली तिच्या डोक्यावर चढवली आणि तो तिच्यासोबत खालच्या वाडीकडे चालू लागला.