पट्टीवाला बाण

फार मागे बाण आपसात गप्पा मारत, तेव्हाची गोष्ट. गावातले सगळे बाण सारखेच दिसायचे. एकाने मात्र हट्ट करून अंगाला लाल-सोनेरी पट्टी गुंडाळून घेतली. "नेम लागला की लांबूनही कळेल, तो मीच," असं तो जो भेटेल त्याला ऐकवायचा.

जत्रेत टांगलेल्या भोपळ्यावर नेमबाजी ठरली. ऐन वेळी वारा फिरला. पट्टीवाला आणि एक साधा बाण भोपळा सोडून थेट पाटलांच्या पागोट्यात घुसले.

पाटलांनी पागोटं उतरवलं. साधा बाण कुणाचा, ते कुणालाच सांगता येईना. मग सगळं गाव पट्टीवाल्याकडे बघू लागलं.

"दादा, ही पट्टी तेवढी सोडव ना," पट्टीवाला कुजबुजला.

"राहू दे की," साधा बाण म्हणाला. "लांबूनही कळतंय, तो तूच."