दोन हत्तींचा पैसा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नाण्यांवर सालही घालत नसत. त्यामुळे नेमकी किती जुनी, ते मला विचारू नका. लहानांनी ती निवांत ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकता ऐकता जरा स्वतःच्या मनात डोकावून घ्यावं.

एका राजाच्या टांकसाळीत भानजी नावाचा कारागीर तांब्याचे पैसे पाडत असे. काम दिसायला सोपं होतं. खाली ऐरणीत हत्तीचा ठसा पक्का बसवलेला. त्यावर तांब्याची गोल चकती ठेवायची, चकतीवर सूर्याचा ठसा हाताने धरायचा आणि वरून हातोड्याचा एक घाव घालायचा. झाला पैसा! एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला सूर्य. पण घाव जरासा तिरका पडला, की हत्तीची सोंड जायची नाहीतर सूर्य अर्धा बुडायचा. भानजीचा घाव तिरका पडत नसे. त्याच्या हातचे पैसे इतके रेखीव असत, की बाजारात ते कोणी उलटून पाहत नसे.

अशी तीस वर्षं गेली. राजाच्या कानावर भानजीचं कसब गेलं आणि त्याने ठरवलं, की येत्या दसऱ्याला भर दरबारात भानजीच्या हातात सोन्याचं कडं घालायचं. त्या राज्यात कडं घेणाऱ्या कारागिरासाठी एक रीत होती. त्याने बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, "माझ्या हातून एकही काम बिघडून बाहेर गेलेलं नाही."

भानजीला आनंद झाला. तो आनंद जेमतेम दीड दिवस टिकला. कारण दीड दिवसाने त्याला एक पैसा आठवला.

त्याची लेक जन्मली, त्या दिवशीचा तो पैसा. घरून निरोप आला, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत." भानजीचे हात कामावर राहिले आणि मन घरी पळालं. नुकताच पाडलेला एक पैसा वरच्या ठशालाच चिकटून राहिला होता, ते त्याने पाहिलं नाही. तसाच पुढच्या चकतीवर घाव घातला. त्या चकतीवर सूर्य उमटलाच नाही. खालच्या बाजूला नेहमीचा फुगीर हत्ती आला, आणि वरच्या बाजूला त्या चिकटलेल्या पैशाचा हत्ती दाबला जाऊन खोलगट उमटला, तोही उलट्या दिशेला तोंड करून. भानजीच्या लक्षात येईपर्यंत तो पैसा ढिगात पडला होता आणि ढीग थैलीत चालला होता. ओरडून थांबवायला हवं होतं. पण मुकादम समोरच उभा होता, आणि भानजी गप्प बसला.

"आता कसं व्हायचं?" त्याने बायकोला, गोदाला, सगळं सांगून विचारलं. "शपथ घेतली आणि नंतर तो पैसा निघाला, तर?"

गोदा भाकऱ्या थापत होती. ती हसायलाच लागली. "अगंबाई, एवढंच होय! तुमचा चेहरा बघून मला वाटलं, कुठे दुसरा संसार मांडून आलात की काय! राजाला सांगून टाका की."

"सांगितलं तर कडं जाईल."

"कडं जाईल. हात तर राहील ना?"

भानजीला ते पटलं नाही. कडं त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्याने मनाशी ठरवलं, की दसऱ्याच्या आत तो पैसा शोधायचा, विकत घ्यायचा आणि गुपचूप वितळवून टाकायचा.

इथे भानजीचं चुकलं. अहो, हातोडा चालवणं वेगळं आणि गुपचूप वागणं वेगळं! त्याने आधी फुटाणेवाल्याला विचारलं, "दोन्हीकडे हत्ती असलेला पैसा कधी दिसला का रे?"

"नाही बा. का?"

"काही नाही, सहजच."

मग परीटणीला विचारलं, सहजच. मग कासाराला, तेही सहजच. तिसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात घरोघरची गाडगी उपडी झाली. टांकसाळीतला कारागीर स्वतः उन्हातान्हात एक पैसा शोधत फिरतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच! कोणी म्हणालं, त्यात सोनं मिसळलंय. कोणी म्हणालं, तो पैसा ज्याच्या घरी, त्याच्या घरी लक्ष्मी.

त्या नगरात एक हौशी शेटजी राहत होते. त्यांना जगावेगळ्या वस्तू जमवण्याचा नाद होता. त्यांनी दवंडीच पिटवली, "टांकसाळीत बिघडलेला पैसा आणून द्या, रुपया घ्या. आणि दोन हत्तींचा आणलात, तर शंभर रुपये!"

मग काय विचारता! लोकांनी घरीच पैसे बिघडवायला घेतले. कोणी कानशीने सूर्य घासून काढला, कोणी दोन पैसे चिकटवून एक केला, एकाने तर हत्तीला छिन्नीने दुसरी सोंड काढली. शेटजींनी पहिल्या दिवशी चाळीस रुपये वाटले, दुसऱ्या दिवशी कपाळावर हात मारला आणि राजाकडे तक्रार केली. राजा संतापला. राजाच्या नाण्याला हात लावणं हा साधासुधा खोडसाळपणा नव्हता. त्याने हुकूम काढला, की यापुढे जो घरी बिघडवलेला पैसा विकायला आणील, त्याचं दुकान मोडून त्याला नगराबाहेर घालवावं.

हुकूम निघाला त्याच दिवशी भानजीला तो पैसा सापडला. ठमाबाई तेलीण बाजाराच्या टोकाला तेल विकायची. भानजीने विचारताच ती म्हणाली, "माझ्याकडं हाय की! कुण्या गिऱ्हाइकानं गर्दीत खपवला व्हता. कुनी घेईना, म्हून बुधल्याखाली टेकू लावला. कालच धुऊन काढला."

तिने पैसा पुढे केला. भानजीने तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. तोच होता.

"मला दे, ठमाबाई. दहा रुपये देतो. वीस देतो."

"भानजीदादा, तुमाला न्हाई म्हनवत न्हाई. पन घान्याचा बैल आता पार थकलाय हो. फिरता फिरता गुडघ्यावर बसतो. शेटजी शंबर देनार, त्यात नवा बैल येतो."

भानजीच्या घरात सगळे मिळून साठ रुपये होते. तो मान खाली घालून परतला.

दसरा उजाडला. दरबार भरला. तबकात बेलभंडारा होता आणि शेजारी मखमलीवर कडं होतं. भानजी नवं पागोटं बांधून उभा होता. राजा आता त्याला पुढे बोलावणार, तेवढ्यात शेटजी हात जोडून उठले.

"महाराज, एक विनंती आहे. या ठमाबाईने दोन हत्तींचा पैसा आणलाय. शंभर रुपये द्यायला मी तयार आहे. पण आधीच तोंड भाजलंय. हा टांकसाळीतला की घरी केलेला, एवढं कोणीतरी जाणत्याने सांगावं."

"जाणता समोरच आहे," राजा म्हणाला. "भानजी, बघ बरं. खोटा असेल तर हुकूम ठरलेलाच आहे. खरा असेल तर बाईला तिचे शंभर मिळू देत."

पैसा भानजीच्या तळहातावर आला.

आता ऐका बरं का, काय झालं. पंधरा दिवस भानजी ज्याच्यासाठी पायपीट करत होता, ते आपणहून त्याच्या हातात आलं होतं. वितळवायची गरज नव्हती, साठ रुपयांचीही नव्हती. एकच शब्द बोलायचा होता, "खोटा." त्याच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. पैसा तिथेच फोडून टाकला असता, कडं हातात आलं असतं, आणि ती चूक जगात कधी झालीच नव्हती असं झालं असतं. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलासुद्धा.

त्याने मान वर केली. ठमाबाई दोन शिपायांच्या मध्ये उभी होती. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. ती शेजारच्या शिपायाला सांगत होती, "भानजीदादा हायेत न्हवं, मग झालं. ते सांगतील तेच खरं."

आपलं कडं नेमकं कशाचं होणार आहे, ते त्याला त्या क्षणी कळलं. मोडलेल्या दुकानाचं, आणि या बाईच्या मोडलेल्या विश्वासाचं.

"महाराज," तो म्हणाला, "हा पैसा खरा आहे. टांकसाळीतलाच आहे. मीच पाडलाय."

दरबारात कुजबुज झाली. भानजीने सगळं सांगितलं. लेकीचा जन्म, ठशाला चिकटलेला पैसा, समोर उभा असलेला मुकादम, आणि आपलं गप्प बसणं. पंधरा दिवस बाजारात हिंडून वितळवायला पैसा शोधत होतो, हेही त्याने राखून ठेवलं नाही. सांगता सांगता तो तळहाताकडे पाहत होता. तीस वर्षांत त्याने लाखो बिनचूक पैसे पाडले होते, पण त्यातला एकही कोणत्या दिवशी पाडला, ते त्याला सांगता आलं नसतं. या एकाचा दिवस त्याला ठाऊक होता, वेळ ठाऊक होती. त्या दिवशी टांकसाळीच्या अंगणात कसं ऊन पडलं होतं, तेसुद्धा आठवत होतं. ज्याला आपण इतके दिवस शत्रू समजलो, तो आपल्या सगळ्यात सुखाच्या दिवसाचा पैसा आहे, हे पाहून त्याला मनापासून हसू आलं.

"तीस वर्षांत एकच चूक?" राजाने विचारलं.

"मला दिसलेली एकच, महाराज. न दिसलेल्या किती, ते देवाला ठाऊक!"

राजा खदखदून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "भानजी, कडं बिनचूक कामाचं आहे. ते तुला देता येणार नाही."

"नाहीच द्यायचं, महाराज."

"पण टांकसाळीच्या देखरेखीला माझ्याकडे भरवशाचा माणूस नाही. आपली चूक कुठे झाली, कशी झाली, हे इतकी वर्षं लक्षात ठेवणारा आणि भर दरबारात सांगणारा माणूस मी आणखी कुठे शोधू? उद्यापासून ते काम तुझं."

शेटजींना तर आनंद मावेना. पाडणाऱ्यानेच साक्ष दिलेला बिघडलेला पैसा आणखी कोणाकडे असणार! त्यांनी शंभराचे दीडशे केले. ठमाबाईने रुपये ओच्यात बांधले आणि वरचे पन्नास भानजीपुढे धरले. "घ्या दादा. चूक तुमची, मग तुमचा बी वाटा!"

"चुकीचा वाटा नको बाई," भानजी म्हणाला, "बैल चांगला दांडगा बघून घे."

दुसऱ्या दिवशी टांकसाळीत त्याने सगळ्या कारागिरांना गोळा केलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. दर घावाआधी वरचा ठसा उलटून बघायचा. आणि एखादा पैसा बिघडलाच, तर तिथल्या तिथे मोठ्याने ओरडायचं, ओरडणाऱ्याला कोणी रागवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात सात वेळा ओरडा झाला. सातही पैसे थैलीत जाण्याआधी मुशीत गेले. भानजी संध्याकाळी उघड्या मनगटाने घरी जायचा आणि गोदाच्या हातची भाकरी पोटभर खाऊन गाढ झोपायचा.

म्हणून म्हणतो, चूक कबूल केली तर तिची किंमत आपण एकदाच मोजतो. लपवायला गेलो, तर ती दुसऱ्या कोणालातरी मोजावी लागते.